आडनाव नसलेला भाडेकरू

समलिंगी प्रेमाची गोष्ट मराठी वाचकाच्या हाती पडली की तो दचकेल, नाक मुरडेल किंवा फार तर डोळे पुसेल, असं आपण धरून चालतो. खरं तर तो आधी चौकशी करतो. मुलगा कुठला? करतो काय? घरी कोण कोण? खोली भाड्याची की स्वतःची? आणि आडनाव? स्थळ आलं म्हणजे बैठकीत पोह्यांच्या बशा फिरता फिरता जे प्रश्न विचारले जातात, ते सगळे इथंही विचारले जातात. देण्याघेण्याचं तेवढं राहून जातं, आणि तेही फार काळ नाही.

गोष्ट क्रमशः छापली जात असेल तर ही चौकशी जास्तच उघडी पडते. एका भागाचा शेवट आणि पुढच्या भागाची सुरुवात यांच्यामधे जो आठवडा किंवा महिना असतो, त्यात वाचकाच्या हाती पान नसतं, स्वतःचं मत तेवढं असतं. त्या काळात तो पात्रांची जोडी जमवतो, मोडतो, कुणाला लबाड ठरवतो, कुणाला भोळा. लेखकानं शेवट लिहिण्याआधी वाचकाचा शेवट लिहून झालेला असतो. या विषयाची ओळख करून देताना मला त्या मधल्या आठवड्यांबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन पुरुषांनी एकमेकांवर प्रेम करावं, हे वाचक आज ना उद्या मान्य करतो. पण त्यांतल्या एकाचा बाप कारखानदार आणि दुसऱ्याचा सायकलरिक्षा ओढणारा असेल, तर वाचकाची नजर त्या दुसऱ्याच्या खिशावरून हटत नाही. हा खरंच प्रेम करतो, की याला काही हवं आहे? कारखानदाराच्या पोराला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आली. पुण्यातलं जोशी कुटुंब, घरातली खोली भाड्यानं घेणारा एक तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेली घरातली दोन भावंडं, तनय आणि अनुजा. कादंबरीचे दोन भाग आहेत. आधी भाऊ बोलतो, मग बहीण. भाडेकरू स्वतः कधीच बोलत नाही. त्याला आडनाव नाही, घरचं माणूस नाही, मागचा इतिहास नाही, पुढचा बेतही नाही. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये ती इंग्रजीत नेली, २०२२ मध्ये चित्रपट आला आणि त्यात घर पुण्याहून थेट कोचीला गेलं. पण मराठी वाचकाला अडवणारी जागा तीच राहिली. जोशींच्या घरात एक माणूस राहून गेला आणि त्याचं आडनाव कुणाला ठाऊक नाही, हे मराठी वाचकाच्या पचनी पडणं कठीण. मला कुंडलकरांची ही खेळी फार हुशारीची वाटते. आडनाव काढून घेतलं की जात जाते, जात गेली की ऐपतीचा अंदाज जातो, आणि मग वाचकाला तनयच्या प्रेमाकडे नुसतं प्रेम म्हणून बघावं लागतं. पण त्याच खेळीनं वर्गाचा प्रश्न गोष्टीतून अलगद बाहेरही जातो. भाडं वेळेवर देणारा, रंग आणि पुस्तकं यांच्यात रमणारा तरुण कुठल्या थरातला, हे आडनावाशिवायही कळतंच.

आणि खोलीचं काय? मराठीतल्या या गोष्टींमध्ये खोली हे अर्धं कथानक असतं. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये सुमित्रा ऊर्फ मित्रा आणि नमा यांना भेटायला जागा नसते, म्हणून बापूची खोली लागते. हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा उभी केली. प्रेक्षकांना त्यातलं समलिंगी आकर्षण आठवतं, मित्राचा शेवट आठवतो. खोलीची किल्ली सहसा कुणाला आठवत नाही. पण ती किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या प्रेमाचा गळा असतो. बापू भला माणूस आहे, म्हणून गोष्ट इतकी तरी पुढे सरकते.

नागपुरात खोलीचा प्रश्न आणखी वेगळा होतो. धरमपेठेत किंवा रामदासपेठेत वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली असलेला मुलगा ‘कोबाल्ट ब्लू’ वाचतो तेव्हा त्याला तनय ओळखीचा वाटतो. पाचपावलीत दोन खोल्यांत सात माणसं राहतात, तिथला मुलगा तीच पानं वाचतो तेव्हा त्याला पहिलं आश्चर्य वाटतं ते दाराला आतून कडी लावता येते याचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला, कूलरचं पाणी संपलं, की अर्धं शहर पूर्वी गच्चीवर झोपायचं आणि काही वस्त्यांत अजूनही झोपतं. शेजारच्या घरचे पोट्टे, मावसभाऊ, भाडेकरू, सगळ्यांच्या सतरंज्या एका रांगेत. त्या गच्चीवर काय घडलं आणि काय घडता घडता राहिलं, याची गोष्ट मराठी कथेत फारशी आलेली नाही. आली असती तर तिचा वाचकही वेगळा निघाला असता.

क्रमशः कादंबरीची सवय मराठीला लागली ती हरिभाऊ आपट्यांमुळे. १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू झालं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच वाचकांपर्यंत गेली. तुकड्यातुकड्यांनी वाचताना मराठी मध्यमवर्ग यमुना या एका विधवेसाठी रडायला शिकला. पुढं मासिकं आली, दिवाळी अंक आले, दिवाळी अंकांनी अख्खी कादंबरी एका बैठकीत द्यायला सुरुवात केली आणि ‘क्रमशः’ची ओढ हळूहळू सैल झाली. समलिंगी प्रेमाच्या गोष्टी मराठीत उघडपणे येऊ लागल्या तेव्हा त्या बहुतेक थेट पुस्तकरूपातच आल्या. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ २००५ ची. पुण्यात समपथिक ट्रस्ट काढणाऱ्या कार्यकर्त्यानं, आपल्याकडे येणाऱ्या तरुणांना हाती देता येईल असं काहीतरी हवं म्हणून लिहिलेली वाटावी, इतकी ती सरळ आहे. तिची भाषा साधी आहे, समीक्षकांनी तिच्याकडे फारसं बघितलं नाही, आणि माझ्या मते तिच्या वाचकाला समीक्षकाची गरजही नव्हती. त्याला माहिती हवी होती आणि सोबत हवी होती. यमुनेसाठी महिनोन्‌महिने थांबणारा वाचक मात्र अशा मुलाला मिळाला नाही.

हिंदीत एकदा मिळाला होता, आणि त्याचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. कलकत्त्याच्या ‘मतवाला’ साप्ताहिकात ३१ मे १९२४ रोजी पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांची ‘चॉकलेट’ ही कथा छापली गेली. पुरुषांच्या पुरुषांवरच्या आसक्तीची ही गोष्ट. तिच्यावर इतकी पत्रं आली, इतकी खळबळ माजली, की उग्रांनी त्याच विषयावर लागोपाठ कथा लिहिल्या आणि १९२७ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. उग्र म्हणत, आपण हे दुर्गुण चव्हाट्यावर आणतो आहोत. टीकाकार म्हणत, हा माणूस त्यांची जाहिरात करतो आहे. बनारसीदास चतुर्वेदी यांनी अशा लेखनाला ‘घासलेटी साहित्य’ म्हणून मोहीम उघडली आणि पुस्तक गांधीजींपर्यंत नेलं. गांधीजींनी ते वाचलं आणि तक्रारीत म्हटलं होतं तसं ते त्यांना वाटलं नाही, लेखकाचा हेतू त्यांना शुद्ध दिसला. हे कळवणारं त्यांचं पत्र मात्र पुढची कितीतरी वर्षं लोकांसमोर आलं नाही.

या सगळ्या भांडणात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीत धरली होती. ‘चॉकलेट’मधले आसक्त पुरुष शिकलेले आहेत. ते शेर म्हणतात, शेक्सपिअर आणि सॉक्रेटिसचे दाखले देतात. वाचकांना धास्ती वाटली ती आपल्यासारख्या माणसांची. गिरणीत, गोदीत, तालमीत पुरुष एकत्र राहत, एकत्र झोपत, याची कुणाला काळजी वाटली नाही. त्या माणसांना चारित्र्यच नसतं, मग बिघडणार काय, असा तो हिशेब होता. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत वाचणारं गाव, आणि एम्प्रेस मिलचा भोंगा १८७७ पासून त्या गावाची सकाळ ठरवत होता. त्या भोंग्यावर उठणाऱ्या हजारो पुरुषांपैकी कुणाची अशी गोष्ट ना हिंदीत आली, ना मराठीत.

मराठीतली चौकशीची जुनी वही कथेबाहेर, पत्रांत सापडते. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते जवळजवळ एकट्यानं चालवलं. वाचक प्रश्न पाठवत, कर्वे उत्तर छापत. उत्तरं आखूड, कोरडी, कधी तिरकस. ‘पाप’ हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. १९३४ मध्ये याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाबद्दलचे होते, समलिंगी संबंधांबद्दलचे होते. कर्व्यांच्या बाजूनं उच्च न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा असा होता की मासिक लैंगिक विषयाला वाहिलेलं आहे, वाचक त्याच विषयावर विचारतात, मग उत्तर देणं हा गुन्हा कसा? समलिंगी संबंधांविषयी त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा आधार दिला. न्यायालयाला ते पटलं नाही आणि कर्व्यांना दंड झाला.

दीक्षाभूमीवर दर ऑक्टोबरात पुस्तकांचे स्टॉल लागतात, लाखो माणसं येतात, खेड्यापाड्यांतून आलेली बाई पदराच्या गाठीतले पैसे काढून पुस्तक विकत घेते. देशात पुस्तकांची इतकी मोठी आणि इतकी गरिबांची जत्रा दुसरी क्वचितच असेल. तिथं बाबासाहेबांच्या प्रत्येक लढ्यावर पुस्तक मिळतं, पण १९३४ च्या या वकिलीची गोष्ट लोकांच्या तोंडी नाही. अजित दळवींनी लिहिलेलं आणि अतुल पेठेंनी बसवलेलं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक २०१७ मध्ये आलं, तेव्हा ती बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळली. मला त्या खटल्यातला वाचक महत्त्वाचा वाटतो. ‘समाजस्वास्थ्य’ला पत्र पाठवायचं तर लिहिता यायला हवं, टपालखर्च हवा, अंक हाती यायला हवा. पत्र पाठवणारा शिकलेला, हे उघड आहे. ज्याच्या संगतीबद्दल पत्र लिहिलं गेलं तो माणूस शिकलेला असेलच असं नाही, आणि त्याचं पत्र संपादकापर्यंत यायला वाटच नव्हती. तेव्हापासून आजवर या विषयावर वाचकाची म्हणून जी प्रतिक्रिया आपण वाचतो ती एका बाजूची आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढं जावं लागतं.

वर्गाचा मुद्दा सगळ्यात नागडा दिसतो तो एका अशा कादंबरीच्या वाचकांत, जी कादंबरी ५७ वर्षं छापलीच गेली नाही. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहिली आणि ती १९७१ मध्ये, ते वारल्यानंतर, बाहेर आली. मधल्या काळात हस्तलिखित मित्रांमध्ये फिरत राहिलं. मित्र वाचत, मत देत, फॉर्स्टर बदल करत. छापील नसली तरी ही क्रमशःच झाली, दोन हप्त्यांमध्ये वर्षं जाणारी. मॉरिस हा शेअर दलाल. त्याचं पहिलं प्रेम क्लाइव्ह, जमीनजुमला असलेल्या घरचा. ते प्रेम पुस्तकांतून, गप्पांतून, तोलूनमापून चालतं आणि क्लाइव्ह लग्न करून मोकळा होतो. मग येतो अ‍ॅलेक, क्लाइव्हच्याच इस्टेटीवर शिकारीची राखण करणारा नोकर. मॉरिसला आधी वाटतं ते हेच, की हा आता पैसे उकळणार. शेवटी दोघंही आपापलं आयुष्य सोडून एकत्र निघून जातात.

लिटन स्ट्रेची हा फॉर्स्टर यांचा मित्र, स्वतः पुरुषांवर प्रेम करणारा, अत्यंत तल्लख वाचक. त्यानं १९१५ मध्ये पत्र लिहून कळवलं की हे दोघं सहा महिन्यांत वेगळे होतील, वर्ग वेगळे, आवडीनिवडी वेगळ्या, टिकणार कसं? पुढं १९६० मध्ये फॉर्स्टर यांनी कादंबरीचं टिपण लिहिलं तेव्हा त्यांच्या आठवणीत ती मुदत सहा आठवड्यांवर आली होती. मित्राचा शेरा किती खोल रुतला होता, ते या चुकीतून दिसतं. गंमत अशी की स्ट्रेचीला त्यांच्या पुरुष असण्याचं काहीच वाटलं नाही. क्लाइव्ह आणि मॉरिस यांच्याबद्दल मुदतीचा हिशेब कुणी केला नाही, जरी मोडलं ते प्रेम त्यांचंच होतं.

वाचकांनी आणखी एक विचारलं, की खाणार काय? फॉर्स्टर यांनी उपसंहार लिहून पाहिला. काही वर्षांनी मॉरिसच्या बहिणीला तो आणि अ‍ॅलेक रानात लाकूडतोडे म्हणून भेटतात. कुणालाच तो आवडला नाही आणि फॉर्स्टर यांनी तो काढून टाकला. शेअर दलाल आणि राखणदार यांनी एकत्र राहायचं तर दोघांनाही समाजातल्या जागा सोडून झाडीत जावं लागतं, याहून दुसरा तोडगा त्यांना सुचला नाही. शेवट गोडच हवा हा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही.

हेच फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांच्याकडे खासगी सचिव म्हणून राहिले. मराठी संस्थान, मराठी दरबार, गोकुळाष्टमीचा थाट, हे सगळं त्यांनी पुढं ‘द हिल ऑफ देवी’मध्ये लिहिलं. तिथं न लिहिलेली एक गोष्ट ते गेल्यानंतर १९८३ मध्ये छापली गेली. दरबारातल्या एका न्हाव्याशी त्यांचा संबंध होता, राजाच्या संमतीनं जमवून दिलेला, आणि त्यात हळूहळू आपल्याला त्या माणसावर हुकूम गाजवण्याची, त्याला दुखवण्याची चव लागली, असं त्यांनी स्वतःच कबूल केलं आहे. अ‍ॅलेकला मॉरिसच्या बरोबरीनं उभा करणारा लेखक देवासात साहेब होता. कादंबरीवरचा सगळ्यात कडक शेरा हा, आणि तो लेखकानंच लिहून ठेवला. त्या न्हाव्याला काय वाटलं, ते कुठंही नाही. सचिवसाहेबांच्या वह्या जपल्या गेल्या, न्हाव्यानं कुणाला काही सांगितलं असेल तर ते वाऱ्यावर गेलं.

अमेरिकेतला दाखला थोडक्यात देतो, कारण त्यात नागपूरकराला हसू येईल असं काही आहे. आर्मिस्टेड मॉपिन यांची ‘टेल्स ऑफ द सिटी’ २४ मे १९७६ पासून ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या दैनिकात रोज थोडी थोडी छापली जाऊ लागली. कारकून, वेट्रेस, डॉक्टर, धनाढ्य, सगळे एका मालिकेत. मॉपिन सांगतात की समलिंगी पात्रांची संख्या प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून संपादक तक्ता ठेवत. मायकेल टॉलिव्हर हा त्यातला लाडका मुलगा फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागाईतदाराचा पोरगा. त्याच सुमारास समलिंगींच्या हक्कांविरुद्ध मोहीम चालवणारी गायिका अनिता ब्रायंट फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या रसाची जाहिरात करायची, आणि तिच्या निषेधार्थ बारमधून संत्र्याचा रस हद्दपार झाला. संत्र्यानं राजकारणात इतकी कामगिरी आपल्याकडे अजून केलेली नाही. १९७७ मध्ये मायकेल आईला पत्र लिहून आपल्याबद्दल सांगतो, तो भाग छापून आला आणि वाचकांनी वर्तमानपत्रातून कापून, खाली आपलं नाव घालून स्वतःच्या आईवडिलांना पाठवला. क्रमशः गोष्टीला याहून मोठी पावती काय मिळणार? मॉपिन यांनी वर्गाची थट्टाही केली. वरच्या थरातल्या समलिंगी पुरुषांच्या मेजवान्या, तिथं कुणाला बोलावणं जातं आणि कुणाला नाही, हे त्यांनी नावानिशी वाटावं इतकं नेमकं लिहिलं. पण मायकेल गरीब असला तरी गोरा आणि बोलका आहे, चुणचुणीत आहे, मेजवानीत खपून जातो.

मिलिंद महाडिक खपून जात नाही. आर. राज राव हे पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवत. त्यांची ‘द बॉयफ्रेंड’ २००३ मध्ये आली. मुंबई, दंगलींच्या काळातली. युदी हा चाळिशीतला, उच्चवर्णीय, इंग्रजीत लिहिणारा मुक्त पत्रकार. त्याला चर्चगेट स्टेशनच्या मुतारीत भेटतो मिलिंद, मराठी बोलणारा दलित तरुण. युदी त्याला कपडे घेऊन देतो, खाऊ घालतो, शोधत फिरतो. पुढं मिलिंदचं घरच्यांच्या मर्जीनं लग्न होतं आणि दोघांमधला व्यवहार वेगळ्या रूपात चालू राहतो. युदीची अशी समजूत आहे की समलिंगी माणूसही बहिष्कृतच, म्हणून आपण दोघं एकाच पंगतीतले. कादंबरी या समजुतीची खिल्ली उडवते की तिला मान डोलावते, यावर वाचकांत दुमत होऊ शकतं. माझ्या मते राव दोन्ही करतात आणि त्यातच कादंबरीची ताकद आहे.

नागपुरातल्या इंदोऱ्यातला वाचक मात्र ही पानं धरमपेठेतल्या वाचकासारखी वाचणार नाही, आणि त्यानं तशी वाचूही नयेत. दलित साहित्यावर वाढलेला वाचक पहिला प्रश्न विचारतो तो गोष्ट कोण सांगतंय हा. मिलिंदचं शरीर, मिलिंदची भूक, मिलिंदचं गप्प राहणं आपल्याला युदीच्या डोळ्यांतून दिसतं. मिलिंदला पैसे हवे आहेत, हे वाचकाला लगेच कळतं. त्याला युदी हवा आहे का, हे विचारायला थांबावं लागतं. गरीब माणसाच्या प्रेमात पैसा आला की प्रेम रद्द होतं, श्रीमंताच्या प्रेमात पैसा आला की तो जिव्हाळा ठरतो, हा नियम आपण कुठून आणला? स्त्री-पुरुषांच्या कथांतून, बहुधा. नवऱ्यानं बायकोला पाटल्या केल्या तर तो व्यवहार कुणी म्हणत नाही.

वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. नागपुरातला सारथी ट्रस्ट गेली कित्येक वर्षं या कामात आहे, २०१६ मध्ये शहरात ऑरेंज सिटी नावानं प्राइड निघाली. एचआयव्हीच्या कार्यक्रमांच्या नोंदवहीत जो माणूस ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष, असतो, तो सीताबर्डीच्या कट्ट्यावर ‘कोती’ असतो आणि कादंबरीत ‘गे’. कादंबरीत शिरायचं तर त्याला इंग्रजी शाळेतून जावं लागतं.

आता विदर्भातल्या दोन घटना. गोष्टी नव्हेत, बातम्या, पण दोन्ही क्रमशः वाचल्या गेल्या. ३० डिसेंबर २०१७ रोजी यवतमाळात एका तरुणानं आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी लग्नसोहळा केला. तो आयआयटीत शिकलेला, अमेरिकेत स्थायिक. कलम ३७७ तेव्हा लागू होतं, सर्वोच्च न्यायालयानं त्यातून संमतीचे संबंध वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. पहिल्या दिवशी बातमी आली, मग प्रतिक्रिया, मग पोलिसांच्या चौकशीची बातमी, मग घरचे काय म्हणाले. दुसरी घटना २०२१ च्या अखेरीची. नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी अंगठ्या घालून एकमेकींना वचन दिलं, घरची माणसं हजर होती, फोटो देशभर गेले. शिव्या दोन्हींना पडल्या. पण कौतुक करणाऱ्यांची वाक्यं बघा. मुलगा एवढा शिकलेला आहे, त्याला कळत नसेल का? मुली डॉक्टर आहेत, त्यांना शास्त्र आपल्याहून जास्त माहीत. कौतुक पदवीच्या आधारानं उभं राहतं. यवतमाळचा तो मुलगा बुटीबोरीत कंत्राटी कामगार असता आणि जोडीदार हिंगण्याचा, तर बातमी पहिल्या पानावर आलीच असती असं नाही, आणि आली असती तर तिच्यात आयआयटीच्या जागी पोलीस ठाण्याचं नाव असतं.

आईचा प्रश्न इथं टाळता येणार नाही, कारण मराठी वाचक तो टाळत नाही. दर भागाला कुणीतरी विचारतंच, आईचं काय झालं? चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये आई मुलाची डायरी वाचते. मराठी साहित्यात समलिंगी मुलाचं इतक्या बारकाईनं वाचन करणारी वाचक तीच असावी, आणि ती रंगमंचावर एकटी बसून वाचते. तिला त्या पानांत शरीर दिसतं, पण ती शोधते ते वेगळंच, पोरगा जेवत होता का, कुणाच्या घरी राहिला, कुणी त्याला हाकललं का. चौकशीचे प्रश्न तेच, बैठकीतलेच. फक्त आईनं विचारले की ते वेगळे ऐकू येतात. म्हणून मी त्या चौकशीला सरसकट वाईट म्हणायला तयार नाही. राहतो कुठं, हे विचारणारा वाचक निदान माणूस कुठंतरी राहतो एवढं मानतो. जो वाचक ‘प्रेमाला वर्ग नसतो’ म्हणून पान उलटतो, त्याच्यापेक्षा मला हा चौकस वाचक जवळचा. त्याच्याकडे मागणं एवढंच की हे प्रश्न दोघांनाही विचारले जावेत. मिलिंदला काय हवं आहे हे विचारलंत, तर युदीला काय हवं आहे तेही विचारा. त्याला फुकटात काय मिळालं, आणि ते परवडत नसतं तर त्यानं काय केलं असतं?

पुढच्या लेखांचा क्रम यामुळेच उलटा लावला आहे. कालक्रमानं पाहिलं तर सुरुवात उग्रांपासून किंवा कर्व्यांपासून व्हायची, आणि लोकप्रियतेनं पाहिलं तर तनयपासून. सुरुवात केली आहे ती मिलिंद महाडिकपासून, त्याच्यानंतर देवासचा न्हावी, मग बापूची किल्ली. जोशींच्या घरची खोली शेवटच्या लेखात येते आणि तिथं भाडं किती होतं, याची चर्चा त्या लेखाच्या लेखकानं चांगली दीड पान केली आहे. काहींना ती रुक्ष वाटेल, त्यांनी तेवढं वगळून वाचायला हरकत नाही.